लाल देठाची पानं

दादा : डावा डोळा झाक. तळहाताने नाही, त्या काळ्या चमच्याने. आणि दाबू नकोस.

चिंगी : दादा, मी या खुर्चीत बसून लहानाची मोठी झाले. चमचा कसा धरायचा ते मला नको शिकवूस.

दादा : शिकवतो, कारण उलटा धरलायस. हं, वरून वाच.

चिंगी : क. मग ट, प. मग म, ग, ल.

दादा : पुढे.

चिंगी : र, न, ब, थ. त्याखाली द, स, ह, च, य. आणि तळाची बारीक ओळ, ख, ण, भ, ळ, व, ज. झालं समाधान?

दादा : घडाघडा वाचलंस.

चिंगी : म्हणजे नंबर तोच आहे. मी म्हटलंच होतं. दुकानात पाय ठेवला की तू गिऱ्हाईक करतोस माणसाला. सख्ख्या बहिणीलाही सोडत नाहीस.

दादा : तक्ता गेल्या महिन्यात बदललाय.

चिंगी : म्हणजे?

दादा : म्हणजे तू आत्ता जो वाचलास तो बाबांचा तक्ता. तो वर माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. समोर आहे तो नवा. याच्या तळाच्या ओळीत ळ नावाला नाही.

चिंगी : काहीतरीच.

दादा : उठून जवळ जाऊन बघ.

चिंगी : नको. बसते.

दादा : इतकी वर्षं तू मला पाठ म्हणून दाखवत होतीस, आणि मी शहाणा त्याच नंबराचे चष्मे करून देत होतो. वर परत सगळ्यांना सांगायचो की बहीण दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघते तरी नंबर वाढत नाही.

चिंगी : मी मुद्दाम नाही रे केलं. मला खरंच वाटायचं की दिसतंय.

दादा : मुद्दाम करणारे बरे. ते सापडतात. चल, ही फ्रेम घाल नाकावर. जड आहे, हलू नकोस. आता मी भिंगं बदलत जाईन, तू फक्त सांग. पहिलं बरं की दुसरं. हे पहिलं. हे दुसरं.

चिंगी : दुसरं. दादा, मी चष्म्यासाठी आलेच नव्हते. तुला सांगायला आले होते की पानं पाठवू नकोस आता.

दादा : कुठली, कुंपणाची? का, पिशवी पोचली नाही?

चिंगी : पोचली. ताजी होती, देठ लालबुंद. पण नको आता.

दादा : तूच म्हणालीस की आपल्या मागच्या अंगणातल्या झुडपाला जगात तोड नाही. फोनवर रडत होतीस. मला आधी वाटलं कोणी गेलं की काय. मग म्हणालीस, दादा, त्या पानांच्या अर्काने विषाणू वाढायचा थांबला.

चिंगी : काचेच्या बशीत थांबला. बशीत.

दादा : ते बशीचं तेव्हा नाही बोललीस.

चिंगी : बोलले होते. तू ऐकलं नसशील. किंवा मी हळू बोलले असेन, काय माहीत.

दादा : हे पहिलं. हे दुसरं. बरं, मला समजेल असं सांग. मी चष्मे करतो आणि मला एचआयव्ही आहे, या विषयातली एवढीच माझी पात्रता.

चिंगी : दुसरं. हं, तर ऐक. तुझ्या त्या विषाणूला वाढायला एक हत्यार लागतं. ते त्याचं स्वतःचं प्रथिन असतं. चांगलं औषध काय करतं, बरोबर त्याच हत्यारात जाऊन अडकतं. कुलपात किल्ली मोडून राहावी तसं. तुझ्या गोळ्या तेच करतात. आता या पानात तुरट द्रव्य आहे, टॅनिन म्हणतात. चहात असतं तेच, पण इथे भरमसाट. ते कुठल्याही प्रथिनाला चिकटतं. विषाणूच्या, तुझ्या, माझ्या, कोणाच्याही.

दादा : म्हणजे कुलपात डांबर ओतलं.

चिंगी : हो. आणि मी नाचत सुटले की कुलूप उघडत नाही.

दादा : मग हे आधी कळत नाही का तुम्हा लोकांना? एवढी यंत्रं आहेत तुमच्याकडे.

चिंगी : कळतं ना. पानांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पहिला धडाच तो, की आधी तुरट भाग गाळून काढा, मग काय ते बोला. मी गाळलं होतं. पण पुरतं गेलं का ते पुन्हा तपासलं नाही. म्हटलं गेलं असणार. आता नीट गाळून पाहिलं तर खाली उरलेल्या अर्कात काही नाही. विषाणू त्यात मजेत वाढला.

दादा : गेलं असणार.

चिंगी : हो, टोमणा कळला.

दादा : मी कुठे काय म्हटलं. हे पहिलं. हे दुसरं.

चिंगी : पहिलं. आणि हे एवढंच असतं तर मी फोनवर सांगितलं असतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. आम्ही अर्क यकृताच्या पेशींवर पण टाकून बघतो, काही बिघडतं का ते पाहायला. या अर्काने पेशी मेल्या नाहीत. उलट चेकाळल्या. यकृताचं काम काय, बाहेरून आलेली औषधं मोडायची आणि बाहेर फेकायची. हे पान पोटात गेलं की यकृत ते काम दुप्पट जोमाने करायला लागेल.

दादा : चांगलंच की.

चिंगी : ज्याला काही औषध चालू नाही त्याला असेल चांगलं. पण समजा एखाद्याने गोळ्याही घेतल्या आणि हे पानही घेतलं, तर गोळी नेमाने पोटात जाईल आणि रक्तात टिकणारच नाही. त्याला वाटेल, मी तर एकही दिवस चुकवला नाही. आणि आत विषाणू परत डोकं वर काढेल. त्यातून तो थोड्याशा औषधाला सरावला, तर उद्या तीच गोळी पुरी घेतली तरी उपयोग नाही.

दादा : हे पहिलं. हे दुसरं.

चिंगी : सारखीच आहेत.

दादा : नीट बघ. हे पहिलं. हे दुसरं.

चिंगी : दादा, तू दोन्ही वेळा तेच भिंग लावतोयस.

दादा : हो का.

चिंगी : तुझं लक्ष कुठे आहे? बाबा असते तर टपली मारली असती.

वहिनी : येऊ का आत? दिवा तरी लावा, कोण कुठे बसलंय काही दिसत नाही. अगंबाई, वन्सं, तुम्ही कधी आलात? आणि हे काय डोळ्यांवर चढवलंय, मोटारीच्या कारखान्यातल्यासारखं?

चिंगी : तुमच्या नवऱ्याला विचारा. मी नुसती भेटायला आले होते.

वहिनी : इथे नुसतं भेटायला आलेलं माणूस चष्मा घेऊनच बाहेर पडतं. मीही तशीच अडकले. अहो, हा तुमचा थर्मास. सकाळी मागे घरातच विसरलात. गरम आहे तोवर घ्या, गार झाला की आणखी तुरट लागतो.

दादा : ठेव तिथे. घेतो नंतर.

चिंगी : काय आहे त्यात?

वहिनी : काढा.

चिंगी : कसला काढा?

वहिनी : कसला म्हणजे? तुमचाच. लाल देठाचा. मूठभर पानं, अर्धं पाणी आटेपर्यंत उकळायची. तुम्ही सांगितलंत तसाच करते, एक दिवस चुकवला नाही.

चिंगी : मी सांगितलं?

वहिनी : हे म्हणाले. चिंगीने सांगितलंय, रोज घ्यायचा. का, प्रमाण चुकतंय का माझं?

चिंगी : दादा.

दादा : वहिनीवर ओरडू नकोस.

चिंगी : मी कोणावर ओरडत नाहीये. ही फ्रेम काढ माझ्या नाकावरून. कधीपासून पितोयस?

दादा : तुझा फोन आला त्याच आठवड्यापासून.

चिंगी : आणि गोळ्या?

दादा : गोळी मी एकही चुकवलेली नाही. रात्रीच्या जेवणानंतर, घड्याळ लावून. ते तू मला विचारूसुद्धा नकोस.

चिंगी : मी आत्ता काय सांगत होते तुला?

दादा : ऐकलं मी. म्हणून तर भिंग चुकलं.

वहिनी : मला कोणी समजेल असं सांगणार आहे का? मी काय केलंय?

चिंगी : तुम्ही काही नाही केलं, वहिनी. बसा जरा. नाही, इथे बसा, खुर्चीत.

वहिनी : उभी आहे तीच बरी आहे. बोला.

चिंगी : त्या पानाने विषाणू मरत नाही. मला तसं वाटलं होतं, ते चुकीचं निघालं. आणि ते पान पोटात गेलं की गोळीचा असर कमी होतो.

वहिनी : कितीने कमी?

चिंगी : माणसात कितीने ते मला माहीत नाही. मी पेशींवर पाहिलंय. थोडा असेल, बराच असेल.

वहिनी : म्हणजे यांच्या रक्तात तो परत आला असेल?

चिंगी : असेल किंवा नसेल. तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. एकदा बोलून बसले, तेवढं पुरे. दादा, शेवटची तपासणी कधी केलीस?

दादा : फोनच्या आधी. तेव्हा काही सापडलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं सापडत नाही.

चिंगी : त्यानंतरची?

दादा : राहून गेली. शाळा सुरू व्हायची वेळ होती, पोरांच्या चष्म्यांची रांग लागली होती. आणि म्हटलं, आता काय होणार आहे.

वहिनी : मला म्हणालात जाऊन आलो.

दादा : जाणार होतो.

वहिनी : म्हणालात, जाऊन आलो, सगळं ठीक आहे. भाजी चिरत होते मी. तुम्ही बेसिनपाशी उभे राहून सांगितलंत.

दादा : हो. सांगितलं.

चिंगी : वहिनी, एवढं का घाबरताय? म्हणजे घाबरायचं आहेच, पण तुम्ही दोघं इतकी वर्षं काळजी घेताच की.

वहिनी : घेत होतो. या वर्षी डॉक्टरबाई म्हणाल्या, यांच्या रक्तात विषाणू सापडत नाही तोवर तो तुमच्याकडे येत नाही, मूल होऊ द्यायला हरकत नाही. मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाल्या हरकत नाही. मग आम्हीही हरकत घेतली नाही.

चिंगी : केव्हापासून?

वहिनी : तुमच्या काढ्याच्या थोडं आधीपासून.

चिंगी : मला कोणी सांगितलं नाही.

वहिनी : झाल्यावर सांगणार होतो. न झालेलं काय सांगायचं?

दादा : मी उद्या सकाळी जातो तपासायला.

वहिनी : उद्या नाही, आत्ता. दवाखाना उघडा असतो या वेळेला. आणि तुम्ही एकटे नाही, मीही येणार. माझंही रक्त काढतील. मी पिशवी घेऊन येते, तोवर दुकानाचं शटर अर्धं ओढा.

चिंगी : मी येऊ बरोबर?

वहिनी : नको. तुम्ही दोघं बसा, बघा एकमेकांचे डोळे. वन्सं, तुमच्यावर राग नाही माझा. म्हणजे आहे, पण तो नंतर काढेन. आधी यांच्यावरचा संपू दे.

दादा : ऐक तर.

वहिनी : लग्नाआधी यांनी मला याच खोलीत सगळं सांगितलं होतं, माहितेय ना तुम्हाला? मी चष्मा करायला आले होते. दिवा मालवलेला, तोंडापुढे ते यंत्र, आणि हे म्हणाले, मला असं असं आहे, तुम्हाला उठून जायचं असेल तर आत्ता जा, अंधारात मला तुमचं तोंड दिसणार नाही. मी तेव्हा विचार केला की हा माणूस मला कधी खोटं सांगायचा नाही. त्या एका गोष्टीवर बसून राहिले मी. येते पिशवी घेऊन.

चिंगी : गेल्या.

दादा : हं.

चिंगी : विश्वास होता तुझा त्या पानावर?

दादा : काडीचाही नाही. लहानपणी त्याच झुडपात माझा चेंडू जायचा. तेव्हापासून ओळखतो मी त्याला.

चिंगी : मग का प्यायलास रे? आणि माझं नाव का घेतलंस?

दादा : नुसती कुंपणाची पानं उकळून दे म्हटलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं. तुझं नाव घेतलं की ती लगेच उकळते.

चिंगी : मी विचारलं, का प्यायलास.

दादा : तुला बरं वाटावं म्हणून.

चिंगी : मला?

दादा : तू फोनवर जशी बोललीस ना त्या दिवशी, तशी बाबा गेल्यापासून बोलली नव्हतीस. मला माहितेय तू हे सगळं का शिकलीस. तुला गाणं शिकायचं होतं. माझ्या आजाराचं कळलं आणि विषाणू शिकायला गेलीस. लग्नही नाही केलंस.

चिंगी : लग्न मी माझ्या मर्जीने नाही केलं. ते तुझ्या खात्यात घालू नकोस.

दादा : बरं, ते काढलं. तर माझ्या गोळ्या चांगल्या चालल्यात, मी ठणठणीत आहे, चार माणसांत उठतो बसतो. तुझी माझ्यासाठी सगळी मेहनत, आणि मला तिची गरजच नाही. मला ते नीट वाटेना. म्हटलं, वर्षभर पितो गुपचूप. मग एक दिवस सांगेन, बघ चिंगे, तुझं पान पिणारा हा एक माणूस, बशीच्या बाहेरचा. बघ कसा आहे.

चिंगी : तू तसा असतास ते गोळ्यांमुळे असतास.

दादा : ते तुला कळलंच असतं. तरी जरा बरं वाटलं असतं की नाही?

चिंगी : वाटलं असतं. म्हणूनच असला पुरावा कोणी घेत नाही, दादा. आणि गरज नाही कशाने? तुझ्या गोळ्या चालतात. ज्यांच्यावर चालेनाशा होतात त्यांच्यासाठी नवं काही लागतं, ते शोधतेय मी. ते कुठल्या तरी झाडात असेलही. या झाडात नाही. आणि आता तू स्वतः जाऊन त्या रांगेत उभा राहिलास की काय, ते आज कळेल.

दादा : रागाव. चालेल.

चिंगी : मला रागावता पण येत नाहीये. तो थर्मास दे इकडे.

दादा : काय करतेस?

चिंगी : मोरीत ओततेय.

(काही आठवड्यांनी. तीच खोली, दिवा लावलेला.)

दादा : मान सरळ. काडी कानामागे दाबतेय का?

चिंगी : डावीकडे थोडी. वहिनी दिसत नाहीत?

दादा : मागे आहे. येईल. तिला म्हटलं, चिंगी आलीय, तर म्हणाली येते, आणि झाडू घेऊन अंगणात गेली. काढ बघू, वाकवून देतो.

चिंगी : तुझ्याशी बोलतात?

दादा : कामापुरतं. मीठ, पाणी, गोळी घेतलीत का. रोज समोर उभी राहून गोळी गिळताना बघते. लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवायचं तेवढं राहिलंय.

चिंगी : डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तूच सांग. वहिनींनी फोनवर एका वाक्यात उरकलं.

दादा : हिच्या रक्तात काही नाही. पुन्हा एकदा तपासतील, नियम आहे त्यांचा. पण त्यांना काळजी वाटत नाही.

चिंगी : आणि तुझ्या?

दादा : माझ्यात सापडला. फार नाही, पण आहे. तू म्हणालीस तसं डोकं वर काढलं होतं. त्याला गोळ्यांची सवय झाली का ते वेगळं तपासलं. नाही झालेली. काढा बंद, त्याच गोळ्या चालू. बाई म्हणाल्या, थोडे आणखी उशिरा आला असतात तर मी हे असं हसून बोलले नसते.

चिंगी : हसल्या त्या?

दादा : नाही. तशी बोलायची पद्धत. मग म्हणाल्या, तुमच्यासारखे हुशार लोकच आम्हाला जास्त कामाला लावतात.

चिंगी : बरोबर बोलल्या. दादा, आणखी कोणाला दिलीस का ती पानं? खरं सांग.

दादा : एकाला. तिथे दवाखान्याच्या बाकावर एक वेल्डर भेटतो. त्याला एकदा पिशवीभर दिली होती.

चिंगी : अरे देवा.

दादा : त्याच्या घरी जाऊन परत मागून आणली. त्याने कपाटावर वाळत टाकली होती, शिवली नव्हती. म्हणाला, वास बघूनच हिंमत झाली नाही. तुझ्यामाझ्यापेक्षा त्याचं नाक बरं.

चिंगी : म्हणूनच मी हे लिहिणार आहे. पान चालत नाही हे, आणि गोळीला मारक आहे हे पण. आमच्याकडे एक दोघं म्हणतायत, न चाललेल्याचं कशाला लिहायचं, दुसरं पान घे. पण असे आणखी बाक असतील. डॉक्टरबाईंशीही बोलले मी, फक्त या लिहिण्यापुरतं. त्या म्हणाल्या, तुझी हरकत नसेल तर तुझी गोष्टही त्यात घालू. नाव नाही, गाव नाही. एक पुरुष, गोळ्या नियमित, सोबत काढा, आणि मग हे असं झालं.

दादा : म्हणजे शेवटी लागलोच मी तुझ्या उपयोगी.

चिंगी : हसू नकोस.

दादा : हसत नाहीये. लिही. फक्त तो काढा बायकोने करून दिला असं नको लिहूस.

वहिनी : का नको? मीच करून दिला. अर्धं पाणी आटेपर्यंत उकळून.

चिंगी : वहिनी. या ना आत.

वहिनी : इथे दारातच बरी आहे, पाय मातीचे आहेत. झुडूप काढलं मी.

दादा : सगळं? मला वाटलं नुसतं छाटतेयस.

वहिनी : मुळासकट. दोन दिवस लागले. आता त्या बाजूचं घर सरळ दिसतं.

दादा : बाबांनी लावलेलं होतं ते.

चिंगी : झुडपाचा काय दोष होता, वहिनी? कुंपण म्हणून चांगलं होतं ते.

वहिनी : दोष कोणाचा ते बघायला बसले असते तर तुम्ही आहात, हे आहेत, मी आहे. त्यातल्या त्यात झुडूप उपटता येण्यासारखं होतं.

दादा : मूल होऊ द्यायला पुन्हा केव्हा हरकत नाही, तेही सांग हिला. मला सांगवत नाही.

वहिनी : आधी यांचं रक्त स्वच्छ व्हायला हवं. मग ते तसं टिकतंय हे परत बघणार. मग माझं वेगळं तपासणार. म्हणजे हे वर्ष गेलंच, पुढच्यातलंही काही जाईल. बाई म्हणाल्या, धीर धरा. मी म्हटलं, धीर माझ्याकडे पुष्कळ आहे, वय नाही. चाळिशी आली माझी.

चिंगी : वहिनी, मी काय बोलू. माझ्या एका फोनने झालं हे.

वहिनी : फोन तुम्ही आनंदात केलात. आनंदात माणूस जपून कसं बोलणार? ते मी केव्हाच सोडून दिलंय. हे खोटं बोलले ते अजून सुटत नाही. सुटेल. यांनाही ठाऊक आहे, म्हणून मुकाट तोंड उघडून दाखवतात.

दादा : उघडून दाखवायला अजून सांगितलेलं नाहीस.

वहिनी : आजपासून दाखवा. वन्सं, तुमच्या त्या लिखाणात यांचं येईल, यकृताचं येईल, पानाचं येईल. माझं जे वर्ष गेलं ते कुठे घालतात हो?

चिंगी : त्याला जागा नसते त्यात.

वहिनी : वाटलंच मला. असू दे. चष्मा झाला का तुमचा?

दादा : झाला. घाल गं. आता समोर बघ आणि वाच. पाठ म्हणायचं नाही. जे दिसतं ते सांग, नाही दिसलं तर नाही म्हण.

चिंगी : ग. मग न, ल. मग ट, र, प. अरे, केवढं लख्ख आहे हे. भिंतीला पोपडे आलेत तुझ्या.

दादा : भिंत राहू दे, तक्ता वाच.

चिंगी : ह, म, द, ब. त्याखाली क, य, त, स, व. आणि तळाची ओळ, पहिलं च आहे. मग एक, ते भ असेल नाहीतर म. नाही. नाही दिसत मला.

दादा : मग नंबर बरोबर आहे. तळाची फार थोड्यांना दिसते. आता खोलीभर नजर फिरव, चक्कर येते का सांग. दाराकडे बघ.

चिंगी : चक्कर नाही येत. वहिनी, तुमचे केस केवढे पांढरे झालेत.

वहिनी : केव्हाचेच आहेत, वन्सं. तुम्हाला आज दिसले.